कराची सवलत आणि घाण्याचे भांडवल

छोट्या उद्योगाला भांडवल कोठून मिळावे, हा प्रश्न निघाला की अलीकडे एक उत्तर हमखास कानी पडते. अमेरिकेतील राज्य सरकारे प्राप्तिकरात सवलती देतात आणि त्या सवलतींच्या बळावर तेथे लहान लहान कारखाने उभे राहतात. मग आपल्याकडील राज्य सरकारांनी तसेच का करू नये, असे ते उत्तर असते. बोलणारी मंडळी शिकलेली असतात, हेतूही चांगला असतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की केवळ सरकारच्या अनास्थेमुळे आपल्या दाराशी आलेली गंगा अडून राहिली आहे. या उत्तरात तथ्य किती आणि आभास किती, याची छाननी आज करावयाची आहे. ही छाननी मुंबईच्या किंवा बंगळूरच्या सचिवालयातून करण्यापेक्षा मादन हिप्परग्यासारख्या सीमेवरच्या गावातून करावी, असे मला वाटते. कारण कायद्याच्या कलमांचा खरा अर्थ अशाच ठिकाणी लवकर कळतो.

मादन हिप्परगा हे आळंद तालुक्यातील गाव. जिल्हा गुलबर्गा; २०१४ पासून त्याचे सरकारी नाव कलबुर्गी झाले आहे. तालुक्याला लागूनच अक्कलकोट आणि उमरगा हे महाराष्ट्राचे तालुके. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचनेच्या वेळी, तो तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. शासनाची सीमा अशी बदलली, तरी मराठी-कानडी बोलणाऱ्यांची सोयरीक, बाजारहाट आणि उधार-उसनवार पूर्वीच्याच वाटांनी चालू राहिली. जमीन काळी, पिके तूर, ज्वारी, करडई यांची. गुलबर्ग्याच्या तूरडाळीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, हे आपणांस ठाऊक असेलच. करडईची तशी कीर्ती नसली, तरी करडईच्या तेलाची फोडणी ज्याने एकदा खाल्ली, त्याला तिची ओळख करून द्यावी लागत नाही.

समजा, या गावात एका गृहस्थाने करडईचा घाणा घातला. गृहस्थ माझ्या कल्पनेतला आणि आकडेही हिशेबाच्या सोयीसाठी घेतलेले. घाणा, मोटर, छपराचे काम आणि पहिल्या हंगामाची करडई मिळून त्याला ६ लाख रुपये लागले. वर्षाकाठी तेल आणि पेंड मिळून ३० लाखांची विक्री होते आणि सर्व खर्च वजा जाता ३ लाख रुपये उरतात. आता या गृहस्थाला ‘प्राप्तिकरातील सवलत’ देऊन पाहू.

आधी त्या अमेरिकन व्यवस्थेचे स्वरूप समजून घेतले पाहिजे. तेथे केंद्र सरकारचा प्राप्तिकर वेगळा आणि राज्याचा वेगळा. विस्कॉन्सिन राज्याने १९११ साली आपला प्राप्तिकर बसविला आणि पुढे बहुतेक राज्यांनी तोच मार्ग धरला. टेक्सास, फ्लॉरिडा यांसारखी थोडी राज्ये मात्र वेतनावर असा कर घेत नाहीत. कर राज्याच्या हातात असल्यामुळे त्यातील काही भाग सोडून देणेही राज्याच्याच हातात राहते. त्याच विस्कॉन्सिनमध्ये, राज्याने मान्य केलेल्या नव्या उद्योगात कोणी पैसा गुंतविला, तर गुंतवलेल्या रकमेचा चौथा हिस्सा त्याला आपल्या राज्य-प्राप्तिकरातून वळता करून घेता येतो. न्यू जर्सीची रीत याहून चमत्कारिक आहे. तेथे नव्या तंत्रविद्येच्या लहान कंपनीला नफा नसेल, तोटाच असेल, तर तो तोटा ती दुसऱ्या नफ्यातल्या कंपनीला राज्याच्या परवानगीने विकू शकते. विकत घेणारीचा कर कमी होतो आणि विकणारीच्या हाती रोख रक्कम पडते. तोट्यालाही गिऱ्हाईक मिळावे, ही कल्पना आपल्याकडील कोणाही आडत्याला हसू आणील. पण ती तेथे चालते खरी.

या दोन्ही युक्त्यांमागील मर्म एकच आहे. कराची सवलत हे भांडवल व्हावयाचे असेल, तर आधी कोठेतरी, कोणाच्या तरी डोक्यावर, कराचे देणे असले पाहिजे. विस्कॉन्सिनमध्ये ते देणे गुंतवणूक करणाऱ्या धनिकाचे असते, न्यू जर्सीत ते शेजारच्या मोठ्या कंपनीचे असते. खुद्द छोट्या उद्योजकाचे ते जवळजवळ कधीच नसते, कारण पहिली काही वर्षे त्याला कर लागण्याइतका नफाच होत नाही.

आपल्या राज्यघटनेने याबाबत वेगळी वाट घेतली. सातव्या अनुसूचीतील संघसूचीत, ८२ व्या नोंदीने, शेतीखेरीज इतर उत्पन्नावरील कर केंद्राकडे ठेवला आहे. राज्यसूचीच्या ४६ व्या नोंदीने शेतीच्या उत्पन्नावरील कर तेवढा राज्यांना दिला, आणि तो लावण्याचे धैर्य बहुतेक राज्यांनी मळेवाल्यांपलीकडे दाखविले नाही. त्याखेरीज राज्यांना धंदा-नोकरीवरचा व्यवसाय कर घेता येतो. त्याची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात प्रथम वर्षाला २५० रुपये होती आणि १९८८ च्या ६० व्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली. म्हणजे कर्नाटक सरकारने उद्या उदार होऊन घाणेवाल्याला आपल्या हातचा उत्पन्नाशी जवळचा असा सगळा कर माफ केला, तरी वर्षाला अडीच हजारांपलीकडे त्याची मजल जात नाही. अडीच हजारांत मोटरचा पट्टासुद्धा धड येत नाही.

येथे एक लहानसा आडवळणाचा तपशील सांगण्याजोगा आहे. या भूमीत राज्याचा स्वतःचा प्राप्तिकर एकेकाळी खरोखरच होता. हैदराबाद संस्थानाने अगदी अखेरच्या काळात, १३५७ फसलीत, म्हणजे १९४७-४८ च्या सुमारास, आपला प्राप्तिकर कायदा केला. शेजारच्या म्हैसूर संस्थानाचा कायदा तर १९२३ चा. १ एप्रिल १९५० पासून भारताचा प्राप्तिकर कायदा या सर्व भागांना लागू झाला आणि संस्थानी करांचे दिवस सरले. परंतु त्याआधीही संस्थानाने उद्योगांना भांडवल पुरविले ते कर सोडून पुरविले नव्हते. १९२९ साली निजाम सरकारने औद्योगिक विश्वस्त निधी उभारला आणि त्यातून सरळ रोख पैसा साखर-कापडासारख्या मोठ्या धंद्यांत भागांच्या रूपाने घातला. गावचा तेली त्या निधीच्या दृष्टीच्या टप्प्यात फारसा आला नाही, हा भाग वेगळा.

कोणी म्हणेल, राज्याचा हात बांधलेला असला तरी केंद्र सरकारला ही सवलत देता येईल. केंद्राने ती दिलीही होती. १९७४ पासून प्राप्तिकर कायद्यात ‘८० एचएच’ या नावाने ओळखले जाणारे कलम आले आणि मागास म्हणून नोंदलेल्या भागांत नवा कारखाना काढणाऱ्याला दहा वर्षे नफ्यातील २० टक्के भाग करपात्र उत्पन्नातून वगळता येऊ लागला. पुढे त्याच धर्तीची आणखी कलमे आली आणि काळाच्या ओघात ती संपलीही. त्यांचा लाभ ज्यांना झाला त्यांना झाला. पण लाभ नफ्याच्या प्रमाणात मिळणार असल्यामुळे तो मोठ्या नफ्याच्या कारखान्याला मोठा आणि लहान नफ्याच्या कारखान्याला लहान मिळाला. ज्याला नफाच नव्हता त्याला कलमाचा क्रमांक तेवढा मिळाला.

आपल्या कल्पित गृहस्थाचा हिशेब आता मांडता येईल. घाणा एकट्याच्या मालकीचा आहे आणि उत्पन्न ३ लाख आहे. २०२५-२६ या वर्षापासून नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या नेहमीच्या उत्पन्नावर व्यक्तीला प्राप्तिकर द्यावा लागत नाही. (भागीदारीची पेढी असती तर गोष्ट निराळी, तिला हा लाभ नाही.) म्हणजे त्याचे कराचे देणे शून्य. आता त्याला विस्कॉन्सिनच्या दराने, गुंतवलेल्या ६ लाखांवर चौथ्या हिश्श्याची, दीड लाखाची सवलत देऊ केली असे धरा. दीड लाख वळते करून घ्यावयाचे कशातून? शून्यातून. कागदावर दीड लाख, हाती काही नाही. प्राप्तिकराची मर्यादा जसजशी वर गेली आणि लहान माणसाला तिचा खरोखरच दिलासा मिळाला, तसतशी ही सवलत त्याच्या दृष्टीने अधिकच पोकळ होत गेली, ही गोष्ट सवलतीचे पुरस्कर्ते सहसा ध्यानात घेत नाहीत.

मग करातून भांडवल मिळतच नाही काय? मिळते, आणि मिळालेलेही आहे. मात्र तो कर विक्रीवरचा होता. १९६४ साली महाराष्ट्राने उद्योगांसाठी सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. मुंबई, ठाणे, पुणे येथे कारखान्यांची दाटी झाली होती आणि बाकी जिल्हे कोरडे राहिले होते. ती दाटी मोडावी हा हेतू. पुढे १९७९, १९८३, १९८८, १९९३ अशी त्या योजनेची नवी नवी रूपे आली. त्यांतील सर्वांत परिणामकारक कल्पना म्हणजे विक्रीकर लांबणीवर टाकण्याची. कारखानदाराने गिऱ्हाइकाकडून विक्रीकर गोळा करावयाचा, पण सरकारात लगेच न भरता काही वर्षे आपल्याकडेच वापरावयाचा आणि मुदतीनंतर हप्त्यांनी फेडावयाचा. व्याज नाही, तारण शोधण्याची यातायात नाही. विक्रीकर नफ्यावर अवलंबून नसतो; माल विकला की तो येतोच. त्यामुळे पहिल्या वर्षी तोट्यात असलेल्या कारखान्यालाही हे भांडवल मिळू शकले. कराचे भांडवल करण्याचा आपल्या देशातला खरा प्रयोग हा होता, आणि अमेरिकेतील तोटा-विक्रीपेक्षा तो मला अधिक साधा व अधिक शहाणपणाचा वाटतो.

तो टिकला का नाही? कारण प्रत्येक राज्य तोच डाव खेळू लागले. एकाने पाच वर्षे सूट दिली की दुसऱ्याने सात द्यावी, सातावर तिसऱ्याने दहा. कारखाना या राज्यातून त्या राज्यात उडी मारणार आणि दोन्ही तिजोऱ्या रित्या होणार. सीमेवरच्या माणसाला याची गंमत जवळून पाहावयास मिळाली, कारण दोन राज्यांचे दोन दर एका दिवसाच्या चालण्यात होते. अखेर १९९९ च्या नोव्हेंबरात राज्यांनी एकत्र बसून निर्णय घेतला आणि १ जानेवारी २००० पासून विक्रीकरावर आधारलेल्या नव्या सवलती बंद करण्याचे व किमान दर सारखे ठेवण्याचे ठरले. पुढे १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि विक्रीकरच इतिहासजमा झाला. आज राज्ये मोठ्या कारखान्यांना आपल्या वाट्याच्या वस्तू व सेवा कराएवढी रक्कम प्रोत्साहन म्हणून परत देतात; पण त्यात आधी कर भरावयाचा आणि मागाहून अर्ज करून परतावा मिळवावयाचा असतो. मागाहून मिळणारा पैसा ज्याच्याकडे आधी पैसा आहे त्याच्याच उपयोगाचा.

श्रोतेहो, येथवर बोललो ते सवलतीविषयी. परंतु मादन हिप्परग्याच्या घाणेवाल्याला कराची जी झळ लागते ती प्राप्तिकराची मुळीच नाही. ती या नव्या कराची आहे, आणि ती केवळ तो सीमेवर राहतो म्हणून लागते. या मुद्द्यावर थोडे सविस्तर बोलणे मला आवश्यक वाटते.

मालाची वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल, तर कर्नाटकातील विक्रेत्याला वस्तू व सेवा कराखाली नोंदणी करावी लागत नाही. आपल्या गृहस्थाची विक्री ३० लाखांची. तेव्हा तो मोकळा असावयास पाहिजे. पण ही मोकळीक राज्याच्या आतील विक्रीपुरतीच आहे. राज्याबाहेर करपात्र मालाची विक्री करणाऱ्याला, विक्री कितीही थोडी असो, नोंदणी करणे कायद्याच्या २४ व्या कलमाने भाग आहे. खाद्यतेलावर ५ टक्के कर आहे, म्हणून तेल हा करपात्र माल झाला. आता बंगळूर शेकडो मैलांवर आहे. तेथे त्याने तेल पाठविले तर नोंदणी नको. अक्कलकोट शिवेपलीकडे आहे. तेथील किराणा दुकानदाराला त्याने एक डबा पाठविला, तर मात्र नोंदणी हवी, पत्रके हवीत, हिशेबनीस हवा. अक्कलकोटचा पाहुणा स्वतः गावात येऊन घाण्यावरून रोखीने तेल घेऊन गेला, तर ती गावातली विक्री. तेच तेल त्याच्या घरी पोचते केले, तर ती आंतरराज्य विक्री. पाहुण्याने पिशवी आणली की नाही यावर कायद्याचा पेच पडावा, हे मोठे मौजेचे आहे.

लहान व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी कायद्यात आपसमेळ योजना आहे. पेठेत तिला कंपोझिशन म्हणतात. दीड कोटीपर्यंत विक्री असणाऱ्या माल बनविणाऱ्याने सरळ उलाढालीच्या एक टक्का कर भरावा आणि बाकीच्या कटकटीतून सुटावे, अशी ती योजना. पण ती घेणाऱ्यालाही राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणजे ज्या दोन दरवाजांतून लहान माणसाने सुखाने आत यावे, ते दोन्ही दरवाजे सीमेवरच्या माणसाला बंद. त्याची नैसर्गिक पेठ सोलापूर आहे, म्हणून त्याने कोट्यधीश कारखानदाराप्रमाणे संपूर्ण नोंदणी घ्यावी, किंवा नैसर्गिक पेठ सोडून द्यावी. तिसरा मार्ग आहे तो न सांगितलेलाच बरा. रात्रीच्या वाहनातून पुष्कळांनी तो पाहिलेला आहे.

नोंदणी घेतली तर काहीच पदरात पडत नाही असे नव्हे. खरेदीवर भरलेला कर विक्रीवरील करातून वळता करून घेता येतो. व्यापारी यालाच इनपुट क्रेडिट म्हणतात. विजेच्या मोटरवर १८ टक्के कर भरलेला असतो, तो अशा रीतीने हळूहळू अंगावरून उतरतो. लहान उद्योगाच्या हाती खरोखर येणारे करातले ‘क्रेडिट’ म्हणून कोणते दाखवावयाचे झाले तर हेच दाखवावे लागेल. परंतु तेलावरील कर ५ टक्क्यांचाच असल्यामुळे हे उतरणे सावकाशीने होते आणि शिल्लक रोखीने परत मिळत नाही. शिवाय महिन्याचा किंवा तिमाहीचा हिशेब भरण्याचे काम आले. १ नोव्हेंबर २०२५ पासून लहान करदात्यांना तीन दिवसांत नोंदणी देण्याची सोय झाली, ही चांगली गोष्ट आहे. पण दार लवकर उघडले म्हणून आतली वाट आखूड होत नाही.

यावर उपाय दूरचा नाही. हस्तकलेच्या ठराविक वस्तू राज्याबाहेर विकणाऱ्या लहान कारागिरांना २०१७ सालीच या सक्तीतून सूट मिळाली. सेवा देणाऱ्यांनाही मर्यादेपर्यंत मिळाली. कारागिराची टोपली सीमा ओलांडू शकते, तर तेल्याचा डबा का ओलांडू नये? वस्तू व सेवा कर परिषदेत कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोहोंचेही मंत्री बसतात. सीमेच्या वादावर या दोन राज्यांचे एकमत होणे दुरापास्त आहे. पण लगतच्या तालुक्यांत ४० लाखांच्या आतील विक्रीला सूट द्यावी, एवढ्या गोष्टीत कोणाच्याच अस्मितेला धक्का लागत नाही. प्राप्तिकराच्या सवलतीची मागणी करण्यात जी शक्ती खर्च होते ती या मागणीकडे वळली, तर आळंदच्याच नव्हे, औराद, भालकी, बसवकल्याण येथील लहान उद्योजकांचेही काम होईल.

भांडवलाचा मूळ प्रश्न मात्र याने सुटत नाही. ते ६ लाख रुपये कोठून आणावयाचे? येथे सरळ अनुदान आणि बँकेचे कर्ज यांची जोड हाच मार्ग दिसतो. २००८ साली सुरू झालेला पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रम त्या धर्तीचा आहे. २०२२ साली त्याची मुदत २०२५-२६ अखेरपर्यंत वाढविण्यात आली, आणि पुढचे नियम अर्ज करण्यापूर्वी जिल्हा उद्योग केंद्रात विचारून घ्यावेत. त्याची रचना अशी, की ग्रामीण भागातील सर्वसाधारण अर्जदाराने प्रकल्पाच्या १० टक्के रक्कम स्वतः घालावयाची, बाकीची बँकेने द्यावयाची, आणि सरकारने २५ टक्के अनुदान द्यावयाचे. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास वर्ग आदींसाठी स्वतःचा भाग ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के. आपल्या ६ लाखांच्या घाण्याला हे माप लावले, तर अनुदान दीड लाख येते. विस्कॉन्सिनच्या सवलतीचाही आकडा दीड लाखच होता. फरक असा, की तो आकडा शून्यातून वळता व्हावयाचा होता; हा आकडा नफा असो वा नसो, बँकेतील खात्यावर जमा होतो. तेथे तो तीन वर्षे ठेवीच्या रूपाने अडकून राहतो आणि तेवढ्या कर्जावर व्याज लागत नाही; धंदा चालू राहिला की तो कर्जात जमा होतो. सरकारचा हा सावधपणा मला योग्य वाटतो, कारण अनुदान घेऊन घाणा मोडीत काढणारे महाभाग सर्वच जिल्ह्यांत असतात.

अन्नप्रक्रियेच्या लहान उद्योगांसाठी २०२० साली केंद्राने वेगळी योजना काढली. तीत प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाखांपर्यंत, अनुदान ठेवले होते. कर्नाटकाने आपल्या तिजोरीतून आणखी भर घालून ते ५० टक्के व १५ लाखांपर्यंत नेले. राज्याला लहान उद्योगासाठी काही करावयाचे असेल तर ते असे करता येते. प्राप्तिकर हातात नसला तरी खर्चाची कलमे हातात असतात. १९५६ पासून मागे राहिलेल्या या विभागासाठी २०१२ च्या ९८ व्या घटनादुरुस्तीने ३७१ ‘जे’ हे कलम आले, विकास मंडळ आले, शिक्षणात व नोकऱ्यांत राखीव जागा आल्या, आणि २०१९ साली विभागाचे नाव कल्याण कर्नाटक झाले. त्याच कलमातून करमाफी निघते असा समज काही गावांत ऐकू येतो. त्या कलमात कराचा शब्दही नाही. मंडळाचा पैसा रस्ते, शाळा, इमारती यांत जातो, आणि जावयासही हवा. त्यातील थोडा भाग तालुक्याच्या ठिकाणी, कानडीबरोबर मराठीतूनही अर्ज समजावून सांगणारा एक जाणता माणूस बसविण्यात गेला, तर किती अर्ज मार्गी लागतील याची कल्पना करून पाहावी. नियमांची भाषा इंग्रजी, कचेरीची भाषा कानडी आणि अर्जदाराच्या घरची भाषा मराठी, अशा तिहेरी पेचात चांगले चांगले अर्ज पडून राहतात.

सहकाराचाही विचार पुष्कळांच्या मनात येतो. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याने सहकारी संस्थांना ‘८० पी’ कलमाखाली मोठी मोकळीक दिली: कुटिरोद्योगाच्या संस्थेचा नफा करमुक्त, सभासदांच्या शेतमालाच्या विक्रीचा करमुक्त. सभासदांच्या मालावर प्रक्रिया करण्याचा नफाही करमुक्त. पण ती प्रक्रिया यंत्रशक्तीवाचून केलेली असावी! म्हणजे बैलाचा घाणा असेल तर कर नाही, मोटरचा असेल तर या पोटकलमाचा उपयोग नाही. बैल आता घाण्याला कोण जुंपतो? जुन्या कलमांत अशी जुनी चित्रे अडकून राहिलेली असतात.

शेवटी प्राप्तिकराच्या एका तरतुदीविषयी बोलतो. ती कोणी सवलत म्हणून ओळखत नाही, पण लहान उद्योगाच्या भांडवलाशी तिचा संबंध इतर कोणत्याही सवलतीपेक्षा जवळचा आहे. छोट्या माणसाचे भांडवल मोठ्या व्यापाऱ्याच्या उधारीत अडकते, हा अनुभव सार्वत्रिक आहे. तेल जानेवारीत गेले, पैसे मृगात आले. मधल्या काळात करडईचा हंगाम येऊन गेला आणि खरेदीला हातात दमडी नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यावेत, न दिल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे सांगितले होते. पण ज्या पेढीवर पोट अवलंबून आहे तिच्यावर व्याजासाठी तक्रार कोण करणार? कायदा कागदावर राहिला. मग २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकराच्या ४३ ‘बी’ कलमात एक पोटकलम घातले आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून ते लागू झाले. त्याचा आशय असा, की सूक्ष्म वा लघु उद्योगाचे देणे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, ती खरेदी आपल्या खर्चात धरता येणार नाही.

याचा परिणाम आकड्यांत पाहा. सोलापूरच्या एखाद्या मोठ्या पेढीने जानेवारीच्या आरंभी आपल्या घाणेवाल्याकडून २ लाखांचे तेल घेतले आणि मार्चअखेर पैसे दिले नाहीत, तर ते २ लाख तिच्या त्या वर्षीच्या करपात्र उत्पन्नात मिळविले जातील. ३० टक्के दराने कर भरणाऱ्या पेढीला ६० हजार रुपये आणि वर उपकर त्या वर्षी जास्त भरावा लागेल. पुढे पैसे दिल्यावर त्या वर्षी तो खर्च धरला जाईल हे खरे, पण तोवर तिचे पैसे अडकले. उधारीचे ओझे येथे प्रथमच उधार घेणाऱ्याच्या खांद्यावर गेले. घाणेवाल्याला तक्रार करावी लागत नाही, कचेरीत जावे लागत नाही; पेढीचा हिशेबनीसच मार्च महिन्यात मालकाला आठवण करून देतो. सरकारच्या तिजोरीतून एक पैसाही न जाता छोट्याचे भांडवल मोकळे करणारी ही युक्ती आहे. कापडाच्या पेठांतून २०२४ साली तिच्याविरुद्ध ओरड झाली, आणि मोठे खरेदीदार लहानांकडून माल घेणेच सोडतील अशी भीती व्यक्त झाली. ती भीती सर्वस्वी खोटी नाही. तरीही तरतूद मागे घ्यावी असे मला वाटत नाही. जो माल ज्या गावातच चांगला होतो, तो घेणारा तेथेच येतो.

तिला मर्यादा आहेत. अंदाजित नफ्याच्या पद्धतीने कर भरणारा लहान दुकानदार खरेदी केला तर त्याला हे कलम बाधत नाही, कारण तो खर्च वेगळा दाखवितच नाही. विक्रेता निव्वळ व्यापारी असेल तर त्याला हे संरक्षण नाही. माल बनविणारा किंवा सेवा देणारा असला पाहिजे. आणि मुख्य म्हणजे, मालविक्रीपूर्वीच ‘उद्यम’ नोंदणी झालेली असली पाहिजे. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी सरकारच्या संकेतस्थळावर विनामूल्य होते, आधार आणि पॅन क्रमांक तिला लागतात. पैसे मागणारे दलाल तालुक्याच्या गावी ठिकठिकाणी पाट्या लावून बसले आहेत, त्यांना ते देण्याचे कारण नाही. नोंदणी झाली की तिचा क्रमांक प्रत्येक बिलावर ठळक छापावा, बिलावर ‘सूक्ष्म उद्योग, उत्पादक’ असे लिहावे, पैसे देण्याची मुदत खरेदीदाराकडून लेखी घ्यावी, आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येणे-बाकीचा उतारा त्या क्रमांकासह पेढीकडे पोस्टाने पाठवून पोच जपून ठेवावी.